मासा वर कसा गेला

शोभनाला प्रश्न पडायची सवय होती, आणि तिच्या घरच्यांना त्या सवयीची सवय झाली होती. शारजातल्या एका शाळेच्या सायन्स लॅबमध्ये ती चौदा वर्षं असिस्टंट होती. परीक्षानळ्या धुवायच्या, स्लाइड्स मांडून ठेवायच्या, तास संपला की सगळं आवरायचं. शिकवायचं काम टीचरचं. पण मुलं गेल्यावर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसून राहायची ती शोभनाच.

पन्नाशीला आल्यावर डॉक्टर म्हणाले, शुगर बॉर्डरलाइनवर आहे, आणि ती पळायला लागली. अल मजाजमधल्या त्यांच्या टॉवरच्या पायथ्याशीच खालिद लगून हे खाडीच्या पाण्याचं तळं, त्याला वळसा घालणारा फरसबंद रस्ता. सुरुवातीला ती दिव्याचा एक खांब पळायची आणि चार खांब चालायची. दीड वर्षानं ती दहा किलोमीटर न थांबता पळू लागली. सगळ्यांच्या शेवटी, पण न थांबता. रविवारी पहाटे तिथे पळणाऱ्यांचा एक ग्रुप जमायचा, त्यात ती आपसूकच सामील झाली.

जानेवारीत ग्रुपचा म्होरक्या सिद्धांत यानं जाहीर केलं, की यंदा रास अल खैमाच्या डोंगरात हाइक करायची. सिद्धांत तिशीचा, मुंबईचा, आयटीतला. त्याच्या घड्याळात त्याची झोपसुद्धा मोजली जायची. "आंटी, इझी ट्रेल आहे," तो शोभनाला म्हणाला. "वादीतून सरळ आत जायचं, कडा आला की परत. नाइन किलोमीटर्स, खलास."

वादी म्हणजे कोरडी नदी, एवढंच शोभनाला ठाऊक होतं. हायवेच्या पुलाखाली दिसतो तो दगडगोट्यांचा पट्टा. पण आत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ जवळ येत गेले आणि तासाभरात ती एका अरुंद घळीत होती. वर आभाळाची निळी फीत, बाजूला हात फिरवावासा वाटेल असा गुळगुळीत कातळ. ती पावलोपावली थांबत होती. एके ठिकाणी दोन पुरुष उंचीवर, कपारीत, काटक्या आणि गवताचा झुबका अडकलेला दिसला. इतक्या वर कुणी ठेवला असेल? मग तिच्या ध्यानात आलं, की तो ठेवलेला नाही, पाण्यानं नेऊन कोंबलेला आहे. पूर आला की इथे एवढं पाणी वाहतं! तिच्या अंगावर काटा आला, आणि लगेच, ते पाणी एकदा लांबून का होईना बघायला मिळावं, असंही वाटलं.

घळीच्या शेवटी वीसेक फुटांचा उभा कडा होता. धबधब्याची जागा, पण धबधबा नव्हता. कोरडा ठणठणीत दगड. त्याच्या पायाशी मात्र हिरवट पाण्याचं एक कुंड होतं. शोभना काठावर ओणवी झाली आणि ओरडलीच, "अगं बाई, मासे!"

बोटाएवढे, राखाडी-तपकिरी मासे तळाच्या दगडांना तोंड लावून बसले होते. ती बघत राहिली. दरम्यान सिद्धांत कडेच्या भेगेतून माकडासारखा वर चढला, फोटो काढून उतरला आणि म्हणाला, "वर पण एक वॉटर-पूल आहे. सेम फिश."

"वर?" शोभनानं विचारलं. "वर कसे गेले?"

"आंटी, यल्ला, चला, ऊन वाढतंय," सिद्धांत म्हणाला.

परत येताना ती वळून वळून कड्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला, सुरेशला, गाठलं. सुरेश रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात क्वालिटीला होता. रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवायचा आणि घरी आला की सोफ्यावर लवंडायचा.

"अहो, वीस फूट उभा कडा आहे. खाली मासे, वर मासे. वरचे तिथे आले कुठून?"

"पुरात वाहून आले असतील."

"पूर खाली वाहतो, वर नाही."

"मग वरचे आधीचे असतील. तेच वाहून खाली आले."

"पण मग आधी वर कुठून आले?"

सुरेशनं डोळे मिटून घेतले. "शोभना, माझ्या प्लांटमध्ये आज तीन हजार टाइल्स रिजेक्ट झाल्या. त्या का झाल्या ते मला माहीत नाही. माशाचं काय सांगू?"

सृष्टी, त्यांची अकरावीतली मुलगी, फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मॉम, जस्ट गूगल इट."

शोभनानं तेही केलं. पक्ष्यांच्या पायाला अंडी चिकटून येतात, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. तसं घडताना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, असं दुसऱ्या ठिकाणी होतं. कुणी पाहिलेलं नाही, हे वाक्य तिच्या मनात रुतून बसलं.

पुढच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे पळत होती आणि दौलत नेहमीप्रमाणे तिला घ्यायला उलटा आला. दौलत पोलादपूरकडचा, चाळिशीचा, सडपातळ. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचा, साइटवर स्कॅफोल्डिंग बांधायचा. रविवारी सुट्टी असली की मिळेल त्या गाडीनं शारजाला येऊन पळायचा. तो सगळ्यांच्या आधी दहा किलोमीटर संपवायचा आणि मग मागे राहिलेल्यांच्या सोबतीला परत फिरायचा. त्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

"मॅडम, आज गप्प?" त्यानं विचारलं.

तिनं पळता पळता, धापा टाकत, सगळं सांगितलं. फोनमधला फोटोही दाखवला. फोटो हललेला होता, पण दौलत थांबून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"हा मळ्या असंल."

"कोण मळ्या?"

"आमच्याकडं ओढ्यात असतो तसा. तोंड खालच्या अंगाला असतं. दगडाला चिकटला की हातानं सुटत नाय. आणि चढतो ना! ओढ्याला नवं पाणी आलं की मासं उलटं वर निघतात. वलगण म्हणतात. मळ्या तर ओल्या कातळावरनं पण सरकतो, पाण्याबाहेर."

"तुम्ही पाहिलंय?"

दौलत जरा घुटमळला. "चढताना बघितलाय. पोचताना... नाय बघितला. तोवर आम्ही पकडून खायचो."

शोभना खदखदून हसली. आणि मग तिथेच, लगूनच्या कठड्याला टेकून तिनं ठरवलं, की आपण हे बघायचं. आणि वरचं कुंडही स्वतः जाऊन बघायचं.

दोरानं चढायचं ऐकताच सिद्धांतनं हात झटकले. "रोप वगैरे म्हणजे लायबिलिटी आहे, आंटी." पण उंचावर दोर बांधणं हा दौलतचा रोजचा धंदा होता. त्यानं तिला कठड्यावर गाठी शिकवल्या, कमरेचा बेल्ट कसा घट्ट करायचा ते दाखवलं. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. शोभना रोज टॉवरचे चोवीस मजले जिन्यानं चढू लागली. "मॅडम म्हणू नका हो," ती एकदा त्याला म्हणाली, "शाळेत असल्यासारखं वाटतं." तेव्हापासून ती ताई झाली.

फेब्रुवारीच्या मध्याला डोंगरात पाऊस झाला. पावसात वादीत शिरलं तर दंड होतो, आणि व्हायलाच हवा, त्यामुळे त्यांनी चार दिवस जाऊ दिले. रविवारी सकाळी सुरेशच्या गाडीतून तिघं निघाले. सुरेश कुरकुरत होता, की आठवड्यातले सहा दिवस याच रस्त्यानं जातो आणि सातव्या दिवशी पण हाच रस्ता. पण बायकोला दोरावर लटकू द्यायचं आणि आपण घरी बसायचं, हे त्याच्यानं होईना.

वादीच्या तोंडाशी खजुराची छोटी बाग होती. तिथला म्हातारा मालक, यहया, गाडीसमोर येऊन उभा राहिला. तो जुन्या डोंगरी लोकांपैकी होता आणि हिंदी त्याच्या पद्धतीनं फाडफाड बोलायचा. "पानी खलास हुआ," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "आज जाओ. लेकिन दोपहर से पहले वापस आओ. क्या देखने जाता है?"

"मछली," शोभना म्हणाली.

यहयानं तिला खालून वर न्याहाळलं, आणि बाजूला झाला.

घळ ओळखू येत नव्हती. जागोजागी डबकी साचली होती, वाळू नव्यानं अंथरल्यासारखी होती. आणि कड्यावरून पाणी येत होतं. धबधबा नव्हे, हाताच्या पंजाएवढा रुंद, बोटाच्या पेरापेक्षा पातळ असा पाझर, काळ्या कातळावरून चकाकत उतरणारा.

दौलतनं सगळ्यांत आधी पाहिलं. "ताई," तो हळूच म्हणाला, जणू आवाजानं उडून जाईल. "तो बघा."

कुंडाच्या पाण्याच्या वर, साधारण हातभर अंतरावर, पाझराच्या कडेला एक मासा दगडाला चिकटलेला होता. शेपटी हवेत. शोभनाला आधी ते पान वाटलं. मग पानानं अंग आकसलं, ढकललं, आणि ते बोटाच्या अर्ध्या पेराएवढं वर गेलं.

पुढचा दीड तास तिघांपैकी कुणी तिथून हललं नाही. त्या माशाखाली आणखी दोन होते. ते सारखे घसरून कुंडात पडत आणि पुन्हा कातळाला लागत. वरचा मात्र चिवट होता. थोडं सरके, मग मेल्यासारखा पडून राही, मग पुन्हा सरके. सुरेश आधी दगडावर बसून बिस्किटं खात होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "डावीकडून गेला तर ओल जास्त आहे. हा मूर्ख उजवीकडे का चाललाय?" आणि बिस्किटं बाजूला ठेवून जवळ आला.

पुरुषभर उंचीवर कातळात वाटीएवढा खळगा होता. मासा त्यात पडला आणि तिथेच राहिला. ऊन कड्यावर येऊ लागलं तसा पाझर बारीक झाला.

"बाटलीत घालून नेऊन सोडू या ना वर," सुरेश म्हणाला. "बिचारा एवढा आलाय."

"नको," शोभना म्हणाली.

"अगं, मरेल तो."

"मी वर सोडला तर मला काय कळणार?" बोलल्यावर तिचं तिलाच ते कठोर वाटलं. तिनं खळग्यात बोट घातलं. पाणी गार होतं. "पाझर चालू आहे तोवर आपण मध्ये पडायचं नाही. पाझर तुटला तर मी स्वतः त्याला उचलून खाली सोडीन."

दौलतनं मान डोलावली. तो भेगेतून वर गेला, एका घरंगळून अडकलेल्या धोंड्याला दोर बांधला, दोनदा लटकून बघितलं आणि टोक खाली सोडलं. शोभनानं सुरेशला बजावलं, "तुम्ही माशावर लक्ष ठेवा. डोळे हलवायचे नाहीत."

चढताना पहिले दहा फूट सोपे गेले. मग तिचा पाय सटकला, गुडघा कातळावर आपटला आणि ती बेल्टला लोंबकळली.

"ताई, उजवा पाय कुठंय?" वरून दौलतचा आवाज.

"मला माहीत नाही!"

"मग बघून सांगा की मला."

बघायचं म्हणजे खाली बघायला लागणार. तिनं बघितलं. बुटाच्या टोकाशी चार बोटं रुंद पायरी होती. ती तिनं त्याला सांगितली, सांगता सांगता त्यावर पाय ठेवला, आणि तेव्हा तिचं नाक कातळापासून वीतभर होतं. त्या दगडावर पातळ, निसरडं शेवाळ होतं, आणि शेवाळात सुईनं ओढल्यासारखे आडवे चरे. कुणीतरी याआधी इथून चरत गेलेलं होतं. ती एवढी गुंगून बघत राहिली, की दौलतला पुन्हा हाक मारावी लागली.

वरचं कुंड खालच्यापेक्षा लहान होतं, पण त्यात मासे खच्चून होते. पलीकडे घळ रुंद होत गेली होती आणि उतारावर दगडी घरांच्या पडक्या भिंती दिसत होत्या, शेजारी दगडात बांधलेलं पाण्याचं टाकं. शोभना पोटावर पालथी पडून माशांकडे बघत राहिली. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते दौलतनं दाखवल्यावर तिला कळलं.

खाली उतरल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "मासा?"

सुरेशनं खळग्याकडे बघितलं. खळगा रिकामा होता. पाझर अजून चालू होता.

"वर गेला की खाली पडला?"

"मी..." सुरेश म्हणाला. "तू घसरलीस ना. मी तुझ्याकडे बघत होतो."

ती रागावणार होती. शब्द ओठांवर आले होते. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि दोराचं खालचं टोक त्यानं दोन्ही हातांत इतकं आवळून धरलं होतं, की बोटांवर वळ उमटले होते. दोर धरायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शोभनानं हळूच त्याची मूठ सोडवली.

यहयानं त्यांना बागेत बसवून गावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर दिले. शोभनानं त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारा हसायला लागला, इतका की त्याला खोकला आला.

"ऊपर का मछली हमारा दादा ले के गया," तो म्हणाला. "बकरी के चमड़े में पानी भर के. ऊपर हमारा गाँव था, टंकी था. मछली पानी का कीड़ा खाता है, पानी साफ रहता है. और तुम रस्सी से क्यों गया? पीछे बकरी का रास्ता है!"

सुरेश मोठ्यानं हसला. दौलतचा चेहरा पडला. त्यानं बांधलेल्या गाठींचा असा पाणउतारा साइटवर कधी झाला नव्हता. शोभना क्षणभर हिरमुसली. दीड महिना डोक्यात घोळवलेला प्रश्न, आणि उत्तर एका म्हाताऱ्याचा आजा! पण मग ती पुढे सरकली.

"आपने कभी मछली को खुद चढ़ते देखा?"

यहया हसायचा थांबला. त्यानं दाढीवरून हात फिरवला. "पत्थर पे चिपका हुआ देखा. बहुत बार. ऊपर पहुँचा, वो नहीं देखा. बकरी पीछे भागना था, कौन बैठेगा?"

म्हणजे पोलादपूरचा माणूसही पोचताना बघायला थांबला नव्हता, आणि इथला माणूसही नाही.

पुढच्या रविवारी दौलतला ड्यूटी लागली. शोभना आणि सुरेश दोघंच गेले. दोर नव्हता, फोल्डिंगच्या खुर्च्या होत्या, छत्री होती, थर्मासमध्ये चहा होता. सकाळी सातला ते कड्यासमोर बसले. पाझर आता दोन बोटं रुंद उरला होता. पावणेआठला तीन मासे एकदमच कातळाला लागले. पहिला हातभर वर जाऊन पडला. दुसरा त्याहून वर जाऊन पडला. तिसरा, जरा लहानखुरा, शेपटीचं टोक तुटलेला, खळग्यापर्यंत पोचला आणि तिथे पाऊण तास बसून राहिला.

"संपला हा," सुरेश कुजबुजला.

"थांबा हो."

तो निघाला. ओल जिथे जास्त होती तिथून, डावीकडून. कड्याच्या वरच्या अंगाला कातळ जरा बाहेर आला होता. तिथे तो जवळजवळ उलटा लटकला. सुरेशनं तिचं मनगट पकडलं होतं आणि ते दोघांनाही कळलं नव्हतं. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी त्या माशानं अंगाला एक झटका दिला, तुटकी शेपटी एकदा उन्हात चमकली आणि कड्याच्या कडेपलीकडे दिसेनाशी झाली.

मग सुरेशनं थर्मास उघडून चहा ओतला, आणि नजर कड्यावरच असल्यामुळे तो थोडा वाळूत सांडला.

घळीत फोनला रेंज नव्हती. बागेपाशी आल्या आल्या शोभनानं दौलतला फोन लावला. मागे लोखंडी पाइप आदळल्याचे आवाज येत होते.

"दौलतभाऊ, पोचला! दोन तास चाळीस मिनिटं!"

"खरंच पोचला?" तो एवढ्या जोरात ओरडला, की मागे कुणीतरी हिंदीत विचारलं, काय झालं म्हणून. दौलतनं त्याला सांगितलं, मछली पहुँच गई.

"ताई," दौलत म्हणाला, "पण तो गेला कशाला? खाली पाणी जास्त, वर कमी. खाली मासं कमी, वर दाटी. मग एवढा जीव काढून वर जायचं काय कारण?"

हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि फोन तसाच कानाला धरून यहयाच्या फाटकाकडे निघाली.